म्हाकुलांच्या हौदातलं हिरवं लुगडं

"आता जे सांगतो, ते तुमच्यातल्या एकालाबी खरं वाटलं तर मिशी उतरवतो!"

आष्टीतल्या आपल्या ओट्यावर बसून इंद्रभाननं पैज लावली तशी माणसं हसली. त्याचं ध्यान मात्र उंबऱ्यात बसलेल्या लेकीकडं, शिवकन्याकडं होतं. आई गेल्यावर चार वर्षांनी ती पहिल्यांदा माहेरी आली होती, अन् सकाळपासून बापाशी एक शब्द बोलली नव्हती.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली एका साहेबानं समुद्रातल्या म्हाकुलांची अंडी पिंपात घालून अंबडला आणली. म्हाकूल म्हणजे तोंडाभोवती दहा हात असलेला जीव. तो इथं, जिथं समुद्र कुणी सपनातबी पाह्यला न्हाई, तिथं वाढवायचा! अंडी दिसायला काळ्या द्राक्षांचा घड. इंद्रभानचं काम एकच, दगडी हौदातलं खारं पाणी ढवळत राहायचं. हात थांबला की अंडी मेली.

"मीठ इतकं, की पाणी प्यालेली चिमणी लोणच्यासारखी सालभर टिकायची. अन् पिल्लं निघाली नखाएवढी! समोर येईल त्याचा रंग घ्यायची. कोर्टातले वकील आले, तर सगळी काळीकुट्ट."

"अन् अशील आल्यावर?" शेजारच्या रामरावनं विचारलं.

"पांढरीफटक!"

हशा झाला. शिवकन्या हसली नाही. इंद्रभानचा आवाज खाली आला.

अंडी फुटायच्या आधी घरून दोनदा निरोप आल्ता, बायको, आसराबाई, तापानं फणफणलीय. "पिल्लं निघू दे, मंग येतो," म्हणाला होता तो. तिसरा निरोप तिच्या मरणाचा.

"दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मंग म्या पिंड पळसाच्या पानात घेतला, एस्टीनं अंबड गाठलं अन् हौदात सोडला. साऱ्या पिल्लांनी रंग बदलला. हिरवा, तांबड्या काठाचा. आसराचं लुगडं, बिलकुल तेच, पाण्याखाली हलून राह्यलं. मंग एकेक पिल्लू वर आलं, दहाबी हातांनी पिंडाला शिवलं. राग न्हाई राह्यला तिचा. सुखानं गेली ती."

रामरावची विडी बोटापाशी येऊन विझली.

शिवकन्या उठली.

"खोटं, बाबा. पिंड नदीकाठीच राह्यला. आईला काय वचन द्यावं, ते तुमच्या तोंडून निघंना, म्हणून मामानं दर्भाचा कावळा करून शिवविला."