वन्संची मुलगी

दर ऑक्टोबरला माझे गुडघे मला बोटीत नेऊन बसवतात. उत्तरेला हेन्स गावाहून निघायचं आणि तीन-चार दिवसांनी दक्षिणेला बेलिंगहॅमला उतरायचं. तिथे माझा मुलगा हार्लन गोदीत वेल्डिंग करतो. हिवाळाभर त्याच्याकडे राहायचं, त्याच्या घरात मासा कसा बिघडवतात ते बघायचं, बोलायचं, आणि बर्फ वितळला की परत यायचं.

यंदा मला न्यायला सून आली होती, कर्स्टन, आणि तिची पाच वर्षांची टेसा. कर्स्टन मिनेसोटाची. सोनेरी केस, हाताला सतत काहीतरी काम, आणि तोंड बंद. मला तोंड बंद असलेली माणसं आवडत नाहीत. ती मनात काय रचतात कळत नाही.

आमच्या आदिवासी लोकांत कूळ आईकडून येतं. बाजू दोन, गरुड आणि डोमकावळा, आणि लग्न नेहमी समोरच्या बाजूत. मी गरुडाच्या बाजूची, म्हणून हार्लन गरुडाचा. बायको करायची ती डोमकावळ्याच्या बाजूची, म्हणजे पोरं तिच्या कुळात जातात. कर्स्टनला कूळच नाही. मग टेसा कोणाची? जूनमध्ये नाचाच्या वेळी सगळी पोरं आपापल्या कुळाची शाल पांघरून रांगेत उभी राहिली. सुट्टीला आमच्याकडे आलेली टेसा मधेच उभी. मला मोठ्याने विचारते, "आजी, मी कुठे उभी राहू?" आख्ख्या हॉलने ऐकलं. तेव्हाच ठरवलं, हिच्या आईला कूळ मिळवून द्यायचं.

माझ्या कुळाने सुनेला घेतलं, तर ती हार्लनची बहीण ठरते. तेव्हा तिला लेक करून घ्यायचं तर ते डोमकावळ्यांनीच घ्यायला हवं. त्यातही पहिला मान माझ्या सासरच्या कुळाचा. आणि त्या कुळात शब्द चालतो तो एकटीचा: माझी थोरली नणंद, अर्नेस्टीन. आमचं बोलणं बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती.

ती वाटेत जूनोला बोटीत चढली. दोन बर्फाच्या पेट्या, एक काठी, आणि तीच मान, ताठ. दुसऱ्या दिवशी दुपारी केचिकनला, तिच्या घरी, उतरणार होती. म्हणजे माझ्या हातात ती संध्याकाळ आणि सकाळ, बस. पहिली संध्याकाळ मी तिच्याकडे पाठ करून घालवली. सकाळी रँगेल बंदर मागे पडलं तेव्हा उठले, वरच्या डेकवर गेले. प्रवासी पोरांनी उघड्यावर झोपायला चिकटपट्टीने डेकला तंबू चिकटवले होते. त्यांच्यापलीकडे, छपराखालच्या हीटरजवळ वन्सं बसल्या होत्या.

"वन्सं, बसू का?"

"बोट सरकारची आहे."

बसले. हीटरकडे पाय पसरले.

"बोल," त्या म्हणाल्या. "तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

"सुनेला तुमच्या कुळात घ्या. तुमची लेक म्हणून."

त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. "माझं माशाचं तेल खवट होतं ना? भर पंगतीत म्हणालीस. दोनशे माणसं होती."

"खवट होतं."

"अजून तेच!"

"खोटं बोलून नातं कशाला जोडू तुमच्याशी? तेल खवट होतं. पण ते मी पंगतीत बोलायला नको होतं. तुमच्या कानात सांगायला हवं होतं. चूक माझी."

हे शेवटचे दोन शब्द मी भरभर म्हणून टाकले.

"एकोणीस वर्षं लागली?"

"गाठ पडत नव्हती."

"प्रत्येक पंगतीला मी होते."

"मी दुसऱ्या टोकाला बसत होते."

वन्संच्या पोटातून हसू आलं. दाबायला गेल्या तर खोकला झाला. मग म्हणाल्या, "बोलाव पोरीला. कूळ काय तुझ्याकडे बघून देऊ?"

कर्स्टन आली. टेसा तिच्या पायाला बिलगलेली. वन्संनी कर्स्टनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही सासू तुला कशी वागवते? माझ्या तोंडावर खरं सांग."

कर्स्टनने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

"टेसाच्या आजी मला मासा कापू देत नाहीत," कर्स्टन हळूच म्हणाली. "म्हणतात, सुरी वाया जाईल. मी सहा वर्षं लांबून बघतेय. आता झोपेतही कापू शकेन. एकदा तुम्हीच बघा, आवडलं नाही तर परत सुरी मागणार नाही."

आणि मी समजत होते ही मनात काहीतरी कारस्थान रचतेय!

"सहा वर्षं?" वन्सं माझ्याकडे वळल्या. "अगं, लाज वाटते का? पुढच्या शरदात माझ्या कुळाची पंगत आहे. सगळ्यांसमोर हिचं नाव पुकारीन. पोरीचंही. त्याआधी मार्चमध्ये परतताना हिला बरोबर आणून केचिकनला उतरव, महिनाभर माझ्याकडे राहील. सुरी माझी असेल. वाया गेली तर मी बघून घेईन."

"म्हणजे हो?"

"हो नाही तर काय, नाही म्हणायला बोलावलं तिला? आणि एक ऐक. आजपासून ही माझी मुलगी. माझ्या मुलीबद्दल काही बोलायचं झालं तर आधी मला फोन करायचा. आणि आत्ता ऊठ. माझी मुलगी उभी आहे, आणि तू हीटरपाशी पाय पसरून बसलीस!"

नवरा गेल्यापासून मला कोणी उठवलं नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"नको, नको, आजी, तुम्ही बसा," कर्स्टन घाबरून म्हणाली.

"बस गं," मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "तुझी आई ओरडेल मला."

टेसा वन्संच्या मांडीवर चढायला लागली होती. काठी तिने आधीच ताब्यात घेतली होती. वन्सं तिला डोमकावळ्याचा आवाज काढून दाखवत होत्या, आणि तंबूतून एक पोरगा डोकं बाहेर काढून बघत होता. मी तिघींसाठी चहा आणायला जिन्याकडे निघाले.