खिडकीतली आई

फोटोंच्या प्रदर्शनात भिंतीवर आईला पाहिलं आणि व्हर्नाचं डोकंच फिरलं. निळ्या फुलांचा झगा घालून आई खिडकीशी बसली होती. जवळ गेल्यावर कळलं, झगा आईचा, पण आत बसलाय रसेल, व्हर्नाचा धाकटा भाऊ. फोटोही त्यानंच काढलेला. खाली लिहिलं होतं, 'ती शेवटपर्यंत माझी वाट पाहत बसायची.'

पिट्सबर्गची बडी मंडळी हातात वाइनचे ग्लास घेऊन डोळे पुसत होती.

व्हर्नानं रसेलला बाही धरून कोपऱ्यात ओढलं. "हा झगा तुला आठवण म्हणून दिला होता. घालून मिरवायला नव्हे!"

"हळू बोल गं."

"का हळू? म्हणे बसायची! शेवटची दोन वर्षं तिला कूस बदलता येत नव्हती. मी बदलत होते."

"मी पुरावा देत नाहीये, व्हर्ना. मला आठवते तशी आई आहे ती."

"आठवायला आधी यावं लागतं, शहाण्या! तू कधी आलास?"

लोक वळून बघायला लागले. रसेलही चिडला. "मग तुला आठवते ती दाखव ना! कुणी अडवलंय?"

"दाखवते. कॅमेरा घेऊन घरी ये."

रविवारी तो आला. व्हर्नानं तळघरातून आईची खाट काढून जुन्या जागी लावली होती, वर रबराची चादर. "झोप," ती म्हणाली. तो आडवा झाला. तिनं त्याला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी खोचली. "आता हलू नकोस. तीही हलत नव्हती."

त्याच्या तोंडासमोर ओल आलेली भिंत होती. दुसरं काही नाही. त्याला बराच वेळ तसंच ठेवून ती कॅमेऱ्यामागे गेली. कुठलं बटण दाबायचं, ते त्यानं भिंतीकडे बघतच सांगितलं. मग विचारलं, "माझी आठवण काढायची?"

"रोज. आणि मी रोज खोटं सांगायचे, येतोय म्हणून. मरेपर्यंत खोटं बोलायला लावलंस मला!"

तिनं बटण दाबलं.

रसेलनं तो फोटो व्हर्नाच्या नावानं खिडकीच्या फोटोशेजारी लावला. खिडकीचा मात्र काढला नाही. फोनवर दोघं कडाकडा भांडली. प्रदर्शन अजून महिनाभर चाललं, पण व्हर्ना तिकडे फिरकली नाही.