खोबरेल लावलेली सिरिंज

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज हाय. आटपाडीच्या आमच्या शाळेत माझ्याएवढं गुळगुळीत चालणारं दुसरं काय बी न्हाई. मी कवाच अडकत न्हाई. असं मी गेल्या डिसेंबरपर्यंत छातीठोक सांगायची.

माझं निम्मं आयुष्य ढोरांच्या दवाखान्यात गेलं. मला बघून मेंढरं पळायची. पुढं प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या आणि मला शाळेला देऊन टाकलं. तिथं शिवांजली मॅडमनी माझी सुई काढली आणि तोंडाला रबरी बूच लावलं. आता दट्ट्यावर तीन विटा ठेवल्या की माझ्या पोटातली हवा जवळजवळ निम्म्या जागेत बसायची. दाब वाढला की जागा घटती, असं मॅडम सांगायच्या. पोरं टाळ्या वाजवायची. खरं काम विटांचं, पण टाळ्या मी ठेवून घेतल्या.

अकरावीतली प्रांजल तेवढी टाळ्या वाजवायची न्हाई. ती रेघा मोजायची, वहीत आकडे लिहायची. घरची मेंढरं व्हती. तिच्या वडलांनी, बाळासोंनी, सांगून ठेवलं व्हतं की सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आणला तर बारावी, न्हाईतर मेंढरांमागं. सरावासाठी मॅडमनी मला तिच्या घरी धाडलं.

तवाच खंडेनवमी आली. तिची आई तानुबाई लोकर कातरायची कातर, कोयता, कुऱ्हाड पुसून पूजेला मांडत व्हती. त्या रांगेत तिनं मलाबी ठेवलं.

"आये, ती काचेची हाय," प्रांजल म्हणाली.

"असू दे. पोरीचं हत्यार हाय ते."

तानुबाईनं मला हळद-कुंकू वाहिलं आणि दट्ट्याला डोक्याचं खोबरेल चोळलं. मित्रांनो, एवढी माया मला दवाखान्यात कुणी केली न्हवती. त्या आठवड्यात मी अशी सरकली, की माझं मलाच कौतुक वाटलं.

प्रदर्शन डिसेंबरात. सांगलीत सकाळी लय गारठा व्हता. हवा जास्त मावावी म्हणून प्रांजलनं दट्ट्या पार शेवटच्या रेघेपर्यंत ओढलेला, तो तसाच रातभर राहिला. परीक्षक आले. पहिली वीट ठेवली. मी हलली न्हाई. दुसरी, तिसरी. न्हाई. माझ्या अंगातलं खोबरेल थिजलं व्हतं.

परीक्षक म्हणाले, "हवा दबते का फक्त विटा ठेवायच्या?"

प्रांजलनं मला उजेडात धरलं, पांढरा थर बघितला. तिला लगेच कळलं.

"सर, थोडं थांबा. तेलाचे रेणू गारठ्यानं एकमेकांना धरून बसल्यात. ऊब दिली की सोडतील."

एवढं बरोबर उत्तर त्या दालनात दुसऱ्या कुणी दिलं नसंल. पण परीक्षक पुढच्या टेबलावर गेले व्हते. तिथं मातीचा ज्वालामुखी धूर काढत व्हता.

प्रांजलनं मला काखेत धरलं, वरनं घोंगडं घेतलं. गारठलेलं कोकरू असंच धरत्यात. तिचं काळीज धडधडत व्हतं, ते मला काचेतनं ऐकू आलं. हळूहळू तेल सुटलं. पण पोटातली हवाबी तापली आणि फुगली. दट्ट्या शेवटच्या रेघेवर हाय, हे आमी दोघीबी विसरलो. तोबी काचेचाच; माझ्यातनं निसटला आणि फरशीवर फुटला. दाबाचा नियम दाखवायचा तवा मी तापमानाचा दाखवला.

आवाज ऐकून परीक्षक मागं वळले. "फोडलीस व्हय?" म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

नंबर ज्वालामुखीला गेला. प्रांजलनं वही मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि कळपासंगं गेली. त्या वहीतला एकबी आकडा चुकीचा न्हाई.

मित्रांनो, वस्तूला जीव लावा. पण तिला काय चालतं, तेबी तिला विचारा.

मी कपाटात असती, बिनदट्ट्याची. यंदा खंडेनवमीला गुंडा शिपायानं प्रयोगशाळेची पूजा केली. उदबत्तीचं घर सापडंना, म्हणून उदबत्त्या माझ्यात खोचल्या. मग माझ्यावरनं तेलाचं बोट फिरवलं. खोबरेलच व्हतं.