डॅशबोर्डखालच्या मोटरची कैफियत

मित्रांनो, मोटर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरची मोटर येते. तिला डोक्यावर छप्पर असते, ती बिघडली की गावभर धावपळ होते. माझे मात्र कोणी नावही घेत नाही. मी एका जुन्या पांढऱ्या गाडीत, स्टेअरिंगच्या दांड्याला बिलगून, डॅशबोर्डखालच्या अंधारात राहते. चालवणाऱ्याने चाक वळवले की त्याच बाजूला मीही जोर लावते. मग लोक म्हणतात, "काय हलकी गाडी आहे!" अहो, गाडी कसली हलकी! मी राबते म्हणून ती हलकी वाटते. स्वतःची स्तुती बरी नव्हे, हे मला कळते. पण दुसरे कोणी करतच नसेल तर मी तरी काय करू?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या तारेचे वेढे अंगावर चढले, शेजारी एक सेन्सर आला. चाकावरचा हात किती पीळ देतोय हे तो सांगतो आणि तेवढी मदत मी करते. त्यामुळे माणसांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, पण हात सगळे ओळखते आणि गाडीभोवती काय घडते तेही मला कळते.

ही गाडी साखरखेर्ड्याच्या माणिकरावांनी घेतली. त्यांचे हात ट्रॅक्टरवर तयार झालेले, चाक जोरात ओढणारे. नंतर त्यांची मुलगी धम्मशीला गाडी चालवू लागली. ती आरोग्य सेविका आहे. मागच्या सीटवर लसींची थंड पेटी ठेवून ती वाड्या-वस्त्यांवर जाते. तिचा हात शांत आहे. अरुंद गल्लीत, गुरांच्या आणि पोरांच्या मधून ती गाडी अशी वळवायची की मला काम करताना आनंद व्हायचा. आमची जोडी चांगली जमली होती, हे मी अभिमानाने सांगते.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीच्या मिरवणुकीत ऐन चौकात जनरेटर बंद पडला आणि गाणे अर्ध्यावर थांबले. माणिकराव पुढे झाले. "काऊन थांबले बे? माह्या गाडीची बॅटरी लावा!" त्यांनी स्वतः बॉनेट उघडले, बॅटरीच्या तारा सोडल्या आणि स्पीकरच्या तारा जोडल्या. पुन्हा गाणे घुमले, निळा गुलाल उधळला, माणिकराव मन भरून नाचले. मिरवणूक संपल्यावर गाडीच्या तारा त्यांनीच परत बसवल्या. मीही खूश होते.

पण त्यानंतर माझे काहीतरी बिनसले. धम्मशीला गल्लीत गाडी वळवू लागली की मला ऐन वेळी चक्कर आल्यासारखे व्हायचे. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागायचा आणि चाक दगडासारखे जड व्हायचे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की मी पुन्हा ठीक. एकदा वळणावर चाक फिरलेच नाही. गाडी रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढली. कोणाला लागले नाही, पण माणिकराव घाबरले.

त्यांनी भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. मी चोख काम केले. घरी येऊन ते म्हणाले, "गाडीले काहीच नाही झालं. तुह्या हातात जोर नाही, पोरी. आता तू चालवू नको." दूरच्या एका गॅरेजवाल्याने न पाहताच फोनवर सांगितले की स्टेअरिंगची मोटर गेली, सगळे काढून टाका. झाले! बापाला मुलीच्या हातावर भरवसा नाही आणि गॅरेजवाल्याला माझ्यावर. माणिकरावांनी किल्ली खिशात घातली आणि कारभारी नावाच्या गिऱ्हाइकाला गाडी बघायला बोलावले. गाडी गेली तर धम्मशीलाला दूरच्या वस्त्यांवर जाणे मुश्कील होते. माझी रवानगी तर थेट भंगारात झाली असती.

धम्मशीला मात्र रडत बसली नाही. दुसरबीडच्या गोकुळ मिस्त्रीला तिने घरी बोलावले आणि पेशंटचे सांगावे तसे सगळे सांगितले. "भाऊ, हे रोज नाही होत. सरळ रस्त्यानं नाही होत. लाईट चालू, एसी चालू, गाडी हळू आणि वळण मोठं असलं, तवाच होते."

माणिकराव ओसरीवरून म्हणाले, "मी चालवली त लोण्यावानी वळत होती."

"बाबा, तुम्ही दुपारी चालवली. लाईट बंद, काचा खाली. ताप संध्याकाळी चढत असन त सकाळी थर्मामीटर लावून काय समजन?"

गोकुळ हसला. त्याने चाकांतली हवा पाहिली, फ्यूज पाहिला, बॅटरी तपासली. सगळे ठीक. मग त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी गाडीच्या पत्र्यावर टेकवली. "ताई, आता लाईट लावा, एसी लावा आणि उभ्या गाडीत चाक पूर्ण फिरवा." एवढ्यात कारभारी आले आणि तेही पाहत उभे राहिले.

धम्मशीलाने चाक फिरवले. मी जीव एकवटला. मीटरचा आकडा जागचा हलायला नको होता, तो सरसर चढला. पिवळा दिवा लागला, मी गळाले.

"सापडलं!" गोकुळ ओरडला. "मोटर गेली म्हणून कोणं सांगतलं तुमाले? ही त ठणठणीत आहे. बॅटरीची वीज वाटेतच अडून राह्यली, हिले पोटाले भेटून नाही राह्यलं." त्याने बॅटरीच्या ऋण टोकावरची तारेची पकड नुसत्या बोटांनी उचलली. ती अलगद हातात आली. तिच्या आत निळा गुलाल बसला होता.

ती पकड कोणी बसवली होती, हे सगळ्या गावाला माहीत होते. गोकुळने गुलाल खरवडला, धातू लख्ख केला आणि पान्याने पकड गच्च आवळली. धम्मशीलाने लाईट आणि एसी लावून पुन्हा चाक फिरवले. मी असा जोर लावला की ते तिच्या दोन बोटांवर फिरले. खरे सांगते, त्या क्षणी मला माझाच फार अभिमान वाटला.

कारभारी म्हणाले, "गाडी त मस्त आहे, माणिकराव. बोला, कधी देता?"

माणिकराव ओसरीवरून उतरले. खिशातली किल्ली त्यांनी मुलीच्या तळहातावर ठेवली. "गाडी देणं नाही," ते म्हणाले. "जोर पोरीच्या हातात होता, कारभारी. आवळताना माहाच कमी पडला." मग ते स्वतःच दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. "चाल बाई, चौकातून एक चक्कर मार. समद्यायले दिसू दे."

पुढच्या जयंतीला त्यांनी हातगाडीवर वेगळी बॅटरी आणली. आमच्या बॉनेटला कोणाला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, माझी कैफियत एवढीच. राबणारे कोणी अडखळले तर त्याला टाकून देण्याआधी त्याच्यापर्यंत पुरेसे पोचते की नाही ते बघा. आणि कोणाचा हात कमजोर आहे असे म्हणण्याआधी आपण बांधलेली गाठ एकदा ओढून बघा. किल्ली परत दिली त्या दिवशी चौकातल्या वळणावर माणिकराव पिवळ्या दिव्याकडे टक लावून बसले होते. दिवा लागला नाही. मग त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदाच आपल्या लेकीचे हात नीट पाहिले.