शेरीफचा साहेब कोण?

अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, शेरीफ ऑफिससाठी आम्ही सिंगापूरला वन-नॉर्थमधल्या ऑफिसात रजेचं सॉफ्टवेअर बनवत होतो. प्रत्येकाची रजा वरच्या साहेबानं मंजूर करायची. डेप्युटीच्या वर सार्जंट, त्याच्या वर कॅप्टन, सगळ्यांच्या वर शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. शेरीफच्या साहेबाचा रकाना मात्र रिकामा, आणि तो भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. पैसे काउंटीचं मंडळ देतं, म्हणून मी मंडळ घातलं. तिकडून उत्तर आलं, "मंडळ फक्त बजेट मंजूर करतं. शेरीफला लोक निवडून देतात. त्याला साहेब नाही."

त्या एका रकान्यानं माझं डोकं उठवलं. घरी, आंग मो किओच्या फ्लॅटवर, बाबा साताऱ्याहून आले होते. रिटायर्ड फौजदार. त्यांना सांगितलं.

"त्याची बदली कोण करतं?"

"कुणीच नाही, बाबा."

"बदलीच नाही? मग तो घाबरतो कुणाला?"

"पुढच्या निवडणुकीला."

"आमच्याकडे निवडणूक पुढाऱ्यांची व्हायची आणि बदली माझी."

शेवटी चाचणीपुरतं मी त्या रकान्यात माझंच नाव टाकलं, आणि काढायला विसरले; सॉफ्टवेअर तसंच तिकडे सुरू झालं. सोमवारी सकाळी पोहे खाताना फोन वाजला. शेरीफचा रजेचा अर्ज माझ्याकडे मंजुरीला आला होता. कारण : मासेमारी.

मी घाईघाईनं 'मंजूर' दाबणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"अगं, लगेच नाही! साहेब झालीस ना? आधी 'बघू' म्हण."