खड्ड्यातील ओलीवर आलेला आळ

मित्रांनो, वडगावच्या विणकरगल्लीत, भुईत खणलेल्या खड्ड्यावर उभा असलेला मी एक जुना हातमाग आहे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पावड्या दाबतो, धोटा इकडून तिकडे धावतो आणि माझ्या अंगावर साडी उमलत जाते. आज माझ्यावर विणणाऱ्या आण्णाप्पांच्या वडिलांनी मला देवासमान पूजिले. शेजारी यंत्रमाग खडखडू लागले, तरी आण्णाप्पांनी मला मोडले नाही.

साठीनंतर मात्र त्यांचा धोटा वारंवार थांबू लागला. वीतभर विणून होईतो ते लघवीसाठी दोनदा उठत. त्यांनी पाणी पिणे कमी केले आणि दोष माझ्या खड्ड्यातील ओलीला दिला. खड्डा बुजवून मला विकण्याचेही ठरविले.

त्यांच्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी, जयाबाई, रोज धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर रहाटाने सूत भरायला येत. त्यांचे पती मारुतीराव प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालील पुरुषग्रंथीच्या, कर्करोगाने गेले होते. कळले तेव्हा तो हाडांत उतरला होता. एके दुपारी जयाबाईंनी रहाट थांबविला.

“भावजी, त्यांनीबी ओलीचंच नाव घेतलं व्हतं.”

“वैनी, या वयात सगळ्यांचंच नळ गळत्यात.”

“मग नळवाल्याला दावा की एकदा.”

आण्णाप्पा हसले, पण दुसऱ्या दिवशी पीएसए नावाच्या तपासणीसाठी रक्त देऊन आले. डॉक्टरांनी समजाविले की वारंवार लघवी बहुधा वयानुसार ग्रंथी वाढल्याने होते. आरंभीचा कर्करोग पुष्कळदा काहीच सांगत नाही. सख्ख्या भावाला तो झालेला, म्हणून सावधगिरी अधिक हवी. रक्तातील पीएसएची पातळी वाढलेली निघाली. तेवढ्याने निदान होत नाही; म्हणून एमआरआय झाले, ग्रंथीचे बारीक तुकडे तपासले गेले. कर्करोग होता, पण ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. काहींचा रोग इतका संथ असतो की केवळ लक्ष ठेवले तरी पुरते. आण्णाप्पांना मात्र किरणोपचार घ्यावे लागले.

कित्येक आठवडे मी अर्धी साडी अंगावर घेऊन निश्चल होतो. ती पुरी करणारे हात परततील का, हे मला ठाऊक नव्हते.

ते परतले. माझ्या तुळईवर हात ठेवून म्हणाले, “उगाच तुझ्यावर आळ घातला रं.” मग पाण्याचा तांब्या त्यांनी हाताशी ठेवला.

मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्या पुरुषांना एवढे सांगा: पन्नाशी आली की, आणि वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल तर त्याआधीच, तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. लाजेने कोणाचे रक्षण झालेले मी पाहिले नाही.

आण्णाप्पा आजही अधूनमधून उठतात. मी धागे ताणून धरतो आणि वाट पाहतो. ते परत येतात.