आधी तू पी

मित्रांनो, मी एक जुना प्याला आहे, आणि तोही विषाचा. घाबरू नका, माझ्यामुळे आजवर कोणी खरोखर मेलेले नाही. एका कातारी मिस्त्रीने मला लाकडाच्या ठोकळ्यातून घडवले, आतून मेणाचा हात दिला, बाहेरून सोनेरी रंग चढवला आणि नाटक मंडळीच्या हवाली केले. जन्मभर विष वाहून माझा स्वभाव मात्र संशयी झाला. कोणी गोड बोलू लागले की मी आधी त्याचे हात पाहतो.

आमचे नाटक म्हणजे एलिझाबेथ राणीच्या काळातल्या धाटणीची पाच अंकी शोकांतिका. राजाचा सख्खा भाऊ गादीसाठी त्याला विष देतो, एवढीच गोष्ट. पण आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, मला पहिल्या अंकापासून टेबलावर मधोमध मांडत. ते सांगत, "तलवारी शेवटी काढायच्या. आधी नुसती कुजबुज हवी. मग पडद्याआड एक कान. मग विष. प्रेक्षकाला सगळं माहीत आणि राजाला काहीच नाही, तिथे जीव टांगणीला लागतो." मंडळीचा एक रिवाजही होता. जो विष देणार, त्यानेच मला भरायचे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. भरल्या सभागृहाचे डोळे माझ्यावर खिळत. माझा थाट काय सांगू!

राजा आणि त्याचा भाऊ होणारे नट खरोखरचे सख्खे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. थोरल्याचा आवाज हे मंडळीचे भांडवल. त्या हंगामात तो आवाज बसू लागला. थोरल्याने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. आवाज गेला तर राजाची भूमिका धाकट्याकडे जाणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

मग नाटकातला संशय रंगपटात शिरला. आरशासमोर धाकटा राजाची वाक्ये पुटपुटताना थोरल्याने ऐकले. पुढे एकदा धाकटा पडद्याआड मास्तरांच्या कानाशी लागलेला दिसला, आणि थोरला येताच दोघे गप्प झाले. पाणी कुठेतरी मुरत होते. एका ताटात जेवणारे भाऊ आता पाठीला पाठ लावून तोंडाला रंग फासू लागले. मला त्याचे फार वाईट वाटे.

शेवटी तो प्रयोग आला. चौथा अंक संपून पडदा पडला होता. धाकटा टेबलाशी आला, त्याने इकडेतिकडे पाहिले आणि खिशातली बाटली माझ्यात रिकामी केली. ते नेहमीचे रंगीत पाणी नव्हते. काहीतरी गरम आणि चिकट होते. माझे मेण सैल पडू लागले. पडद्याच्या फटीतून थोरला पाहत होता. त्याच्या मनात आले तेच माझ्याही मनात आले. घसा पुरता बसवायचा डाव!

पाचव्या अंकात धाकट्याने मला राजापुढे धरले. "तुझ्या हातचं मी कधी नाकारलंय का?" एवढे म्हणून राजाने मला ओठाला लावायचे असे. थोरला वाक्य बोलला, घोगऱ्या आवाजात. पण मला त्याने परत भावापुढे सरकवले.

"आधी तू पी."

हे नाटकात नव्हते. विंगेत मास्तरांनी कपाळावर हात मारला. खलनायकच विष प्याला तर पुढचे नाटक बोंबलणार. धाकट्याने भावाच्या डोळ्यांत पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. त्याने मोठा घोट घेतला. विष पिऊन उभे राहणे बरे दिसत नाही, म्हणून बिचारा तिथेच कोसळला.

थोरल्याने मला नाकाशी नेले. मध आणि ज्येष्ठमध. लहानपणी घसा धरला की आई हाच काढा पाजायची. उरलेला काढा तो गटागटा प्याला. राजाचे शेवटचे भाषण त्याने हळू आणि रडत म्हटले, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. मग तो भावाशेजारी मरून पडला. टाळ्यांच्या कडकडाटात दोन्ही प्रेते कुजबुजत होती.

"माझी वाक्यं का पाठ करत होतास?"

"तू अडलास तर हळूच सांगायला."

"आणि मास्तरांशी कसली कुजबुज?"

"तुझी ओरडायची वाक्यं कमी करा म्हणत होतो."

"मला सांगायचंस की."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

मेलेल्या राजाने हळूच भावाचा हात धरला.

मित्रांनो, त्या काढ्याने माझे मेण वितळले ते वितळलेच. मी गळू लागलो. टेबलावर नवा चकचकीत प्याला आला आणि मी मुकुट-तलवारींच्या पेटीत धूळ खात पडलो. जुन्या वस्तूंवर अधूनमधून फडके फिरवत जा, एवढेच मागणे आहे. आणि नाटकात राजाला अंधारात ठेवावेच लागते, पण घरात मनात किंतु आला तर सरळ विचारून टाका.

मी मात्र काही सुधारलो नाही. परवा पेटीचे झाकण हळूच उघडले. सवयीने मी आधी हात पाहिले. धाकट्याचे होते, आणि त्यांत मेण होते.